दवाखान्याच्या खणातला कागद

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळ कुठल्याही दवाखान्यात गेलात तर पदवी आणि नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत दिसतं. आणखी एक कागद टेबलाच्या खणात असतो. डॉक्टर आपसांत त्याला नुसतं ‘इन्डेम्निटी’ म्हणतात. उपचारात चूक झाल्याचा दावा लागला तर वकिलाचा खर्च आणि भरपाई देणारा हा विमा. रुग्णाला सहसा त्याचा पत्ताही नसतो.

‘विमा’ या शब्दाची नाळ फारसी ‘बीम’शी जोडतात, बीम म्हणजे भय. या कागदाचं मूळ खरोखरच भयात आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रॅडली नावाच्या डॉक्टरला एका स्त्रीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली आणि आठ महिने तुरुंगात काढावे लागले. त्या धक्क्यातून १८८५ साली ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ उभी राहिली. सर्वांनी वर्गणी भरायची आणि अडचणीत आलेल्या सभासदाची बाजू कोर्टात सांभाळायची, अशी ती सोय होती. पुढे नऊ वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय मिरजेत सुरू झालं आणि हळूहळू मिरज आरोग्याची पंढरी झाली. पंढरीला जाणारा माणूस हातात पावती घेऊन जात नाही. आपल्या भागातलं डॉक्टर आणि रुग्णाचं नातं बराच काळ तसंच होतं.

या नात्यात कोर्ट कसं आलं, हे सांगणारा खटला आपल्याच मुलखातला आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला नेलं. दोनशे मैलांच्या त्या प्रवासाला अकरा तास लागले. पुण्यात पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि त्याच रात्री मुलगा गेला. दावा लावणारे वडील स्वतः डॉक्टर होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आत काय घडलं असेल, हे ओळखण्याचं ज्ञान त्यांच्याजवळ होतं. एखाद्या शेतकरी बापाला ते कुठून असणार? तीन हजार रुपयांची भरपाई मिळाली आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यातलं सूत्र आजही प्रत्येक दाव्यात येतं.

तरीही दिवाणी दाव्याची वाट लांब होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आला आणि जिल्ह्याच्या ग्राहक मंचात साधा अर्ज देता येऊ लागला. इन्डेम्निटीला खरा जोर आला तो तेव्हापासून. २०१३ मध्ये कोलकात्याच्या एका खटल्यात भरपाई सहा कोटींच्या घरात गेली, तेव्हा तर विमा नको म्हणणारेही विचारात पडले.

यातली एक खाच डॉक्टरांनीही नीट ध्यानात घ्यावी. उपचाराच्या दिवशी पॉलिसी असून भागत नाही; बहुतेक पॉलिसींत दावा येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते. एक वर्ष हप्ता चुकला तर मागच्या सगळ्या वर्षांचं छत्र जाऊ शकतं. शिवाय नोंदणी ज्या पॅथीची, संरक्षणही तिचंच. एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईच्या प्रकरणात ठरवलं. जत, आटपाडी, माण या बाजूच्या गावांत रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या डॉक्टरांसाठी हे वाक्य किती जड आहे!

पण मला सर्वांत जास्त खुपते ती वेगळीच अट. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने आपली जबाबदारी कबूल करायची नाही. कंपनीच्या हिशेबाने ती रास्तच. पण ऑपरेशन थिएटरबाहेर उभा असलेला भाऊ विचारतो, ‘डॉक्टर, नेमकं झालं काय?’ आणि एरवी घरच्यासारखा बोलणारा माणूस गप्प होतो. ते मौन म्हणजेच गुन्ह्याची कबुली, असं बाहेर वाटतं. मग काचा फुटतात.

इंग्लंडने २००६ च्या भरपाई कायद्यात एक छोटं कलम घातलं: दिलगिरी व्यक्त करणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. तसं कलम आपल्याकडे यावं. पॉलिसीतली अट तशीच राहिली तरी मग डॉक्टरला खुर्ची ओढून त्या भावासमोर बसता येईल, आणि झालं ते सांगता येईल.