तळटीप : गुणपत्रकावरचा ‘डब्ल्यू’

१४. ‘डब्ल्यू’ : गुणपत्रकावर नोंद न होता विषय सोडण्याची मुदत उलटल्यावर, पण सत्र संपण्याआधी विषय सोडल्याची खूण. वडिलांनी तिचा अर्थ ‘नापास’ असा लावला आहे, तो चुकीचा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘डब्ल्यू’ सरासरीत धरत नाहीत. मात्र तो गुणपत्रकावर राहतो आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात दाखवावाच लागतो. एखाददुसऱ्याने प्रवेश सहसा अडत नाही. खरी ओढाताण श्रेयांकांची. तिसऱ्या वर्षाला त्या विद्यापीठात जायचे तर ६० सेमिस्टर श्रेयांक हवेत, आणि सुटलेला विषय कॅल्क्युलससारखा असेल तर त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे विषय रखडतात. शिवाय ‘डब्ल्यू’ हा एक प्रयत्न मोजतात. एका विषयाला असे मोजकेच प्रयत्न मिळतात. आजारपणासारख्या कारणाने मिळणारा ‘ईडब्ल्यू’ त्या हिशेबात येत नाही. – संपा.