पालकांच्या तोंडचे परवलीचे शब्द

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्या जोडीला ‘पाची बोटे सारखी नसतात’ ही म्हणही होतीच. पहिली म्हण मुलाच्या पुढच्या वाटचालीची चिन्हे लहानपणीच शोधणारी, तर दुसरी तुलना करू नका असे बजावणारी. शहरी पालकांच्या बोलण्यात आता ‘माइलस्टोन’, ‘क्वालिटी टाइम’, ‘हेलिकॉप्टर पेरेंट’, ‘एव्हरी चाइल्ड इज डिफरंट’ अशा इंग्रजी शब्दांनी या म्हणींची जागा घेतली आहे. सोसायटीच्या बागेत, बालवाडीच्या दाराशी, बालरोगतज्ज्ञांकडे नंबर लावून बसले असताना हे शब्द सतत कानांवर पडतात. यातील बहुतेक शब्दांना स्वतःचा इतिहास आहे आणि नेमका अर्थही. अतिवापराने तो अर्थ झिजला. नुकसान केवळ भाषेचे असते, तर त्याचे एवढे वाटले नसते. परंतु यातील काही वाक्ये बाळाला किंवा आईला वेळेवर मिळायला हवी ती मदतच लांबणीवर टाकतात.

लघुरूपांची बोली

इंग्रजी भाषक देशांतील पालकांनी इंटरनेटवरील गप्पांसाठी लघुरूपांची एक बोलीच तयार केली. ‘डीएच’ म्हणजे ‘डिअर हजबंड’, ‘डीडी’ आणि ‘डीएस’ म्हणजे लाडकी लेक आणि लाडका लेक, ‘एलओ’ म्हणजे ‘लिटल वन’. मूल व्हावे यासाठी प्रयत्न सुरू असतील तर ‘टीटीसी’. एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने लिहिणाऱ्या आईची सोय हे या लघुरूपांचे एक कारण. नाव न सांगता घरातील गोष्ट बोलता येते, हे दुसरे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने जानेवारी २०१८ मध्ये पालकत्वाशी संबंधित अनेक शब्दांना स्थान दिले, तेव्हा या बोलीलाही मान्यता मिळाली. नवख्या आईला ही बोली आरंभी परकी वाटते. पण एकदा अंगवळणी पडली की आपण एकट्या नाही, हा दिलासा त्यातूनच मिळतो.

शब्दांची कुळकथा

हेलिकॉप्टर पेरेंट : मुलांच्या डोक्यावर सतत घिरट्या घालणारे पालक. बालमानसतज्ज्ञ हाइम गिनॉट यांच्या १९६९ मधील पुस्तकात, आई आपल्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते, अशी एका किशोरवयीन मुलाची तक्रार आहे. फॉस्टर क्लाइन आणि जिम फे यांनी १९९० मध्ये या उपमेचा संज्ञा म्हणून वापर केला. मूळ रोख होता तो मुलाला स्वतःच्या चुकांतून शिकू न देण्यावर. आज बागेत घसरगुंडीजवळ उभ्या राहणाऱ्या आईलाही हेच विशेषण चिकटवले जाते. दोन वर्षांच्या मुलावर लक्ष ठेवणे आणि वीस वर्षांच्या मुलाच्या प्राध्यापकांना फोन करणे यांतील फरक त्यामुळे पुसला जातो.

टायगर मदर : येल विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक एमी चुआ यांच्या २०११ मधील आत्मकथनामुळे हा शब्द जगभर पोहोचला. कठोर शिस्त आणि अभ्यासाचा धोशा असा त्याचा अर्थ रूढ झाला. हेच पुस्तक धाकट्या मुलीच्या बंडापुढे घ्याव्या लागलेल्या माघारीचीही कहाणी सांगते, हे मात्र शब्द वापरणाऱ्यांच्या गावीही नसते.

अटॅचमेंट : ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी मांडलेल्या सिद्धांतातील ही संज्ञा. घाबरलेले बाळ विश्वासाच्या माणसाकडे धाव घेते आणि तेथून धीर घेऊन पुन्हा खेळायला जाते, हा त्याचा गाभा. पुढे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स यांनी ‘अटॅचमेंट पेरेंटिंग’ ही संगोपनपद्धती लोकप्रिय केली. बाळाला अंगाशी बांधून वावरणे, जवळ घेऊन झोपणे यांवर तिचा भर होता. दोन्हींत ‘अटॅचमेंट’ असल्याने गल्लत होते. बाळाला पाळण्यात झोपवले किंवा पाळणाघरात ठेवले तर नाते तुटते, असे मूळ सिद्धांत सांगत नाही. नोकरदार आईला मात्र याच शब्दाचा धाक घातला जातो.

गुड इनफ मदर : या यादीतील सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत उपयोगी शब्द. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये तो वापरला. आरंभी बाळाच्या प्रत्येक गरजेला धावणारी आई हळूहळू थोडी कमी पडू लागते. बाळाला झेपेल इतकेच ते कमी पडणे असते आणि त्यातूनच बाळ वास्तवाशी जुळवून घ्यायला शिकते, असे त्यांचे म्हणणे. ‘कशीबशी चालवून घेणारी आई’ असा त्याचा अर्थ नाही. बिनचूक आई बाळाच्या हिताचीच असते असे नाही, असे एक डॉक्टर सत्तर वर्षांपूर्वी सांगून गेले होते.

दुधावरून दोन घोषणा

‘ब्रेस्ट इज बेस्ट’ या घोषणेला आरोग्यशास्त्राचा भक्कम आधार आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना दूधपावडरीच्या डब्यावर छापणे भारतात १९९२ च्या कायद्याने बंधनकारक केले. आक्रमक जाहिरातबाजीला आवर घालणे हा त्यामागचा हेतू. त्याला उत्तर म्हणून ‘फेड इज बेस्ट’, म्हणजे पोट भरणे महत्त्वाचे, ही घोषणा पुढे आली. अमेरिकेत २०१६ मध्ये त्या नावाची संस्थाही स्थापन झाली.

एक घोषणा कंपन्यांना उद्देशून होती, दुसरी अपराधी भावनेने खचलेल्या आईला. प्रत्यक्षात दोन्ही घोषणा आयाच एकमेकींना ऐकवतात. ‘दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्या बाळंतिणीला यांपैकी एकीचाही उपयोग नसतो. बाळ नीट पकडते का, दिवसातून किती वेळा लघवी करते, त्याचे वजन वाढते का, हे कोणी तरी पाहायला हवे असते. बाळाला त्या दिवशी काय द्यायचे, याचा निर्णय त्या उत्तरांवर ठरतो.

धीर देणारी, पण धोक्याची वाक्ये

‘प्रत्येक मूल वेगळे असते’ हे वाक्य खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील मुलांच्या हालचालींच्या टप्प्यांची नोंद होती. आधाराशिवाय चालण्याचा कालावधी साधारण ८ ते साडेसतरा महिने इतका विस्तृत आढळला. सुमारे ४ टक्के मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

तथापि त्याच अभ्यासातून दुसरी गोष्टही दिसते. कालावधी विस्तृत असला तरी त्याला शेवट आहे. तो उलटून गेल्यावरही ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ असे म्हणत राहणे हा धीर नव्हे, दिरंगाई आहे.

‘मुलगे उशिराच बोलतात’ हे आपल्याकडचे असेच एक वाक्य. ‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते,’ अशी आजीची साक्ष त्याला जोडली जाते. मुलगे आणि मुली यांच्यात सरासरीने थोडा फरक असतो. पण मोठ्या विलंबाचे ते स्पष्टीकरण नाही. बारा महिन्यांपर्यंत बडबडीचे सूर किंवा बोट दाखवणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नाही, अथवा येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. त्यात पहिली तपासणी कानांची. ऐकू न येणारे बाळही आवाज काढते, हसते, ओळख दाखवते. त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येण्यास वेळ लागतो. भाषा रुजण्याची हीच वर्षे असतात आणि ती पुन्हा येत नाहीत.

‘बेबी ब्ल्यूज’ हा शब्दही असाच सैल झाला आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणारे रडू आणि हळवेपणा सहसा दोन आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही झोप, भूक, उमेद परतली नाही, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा जीव नकोसा झाला, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. एडिंबरा येथील तज्ज्ञांनी १९८७ मध्ये त्यासाठी अवघ्या दहा प्रश्नांची चाचणी तयार केली आणि ती आज अनेक देशांत वापरली जाते. निदान डॉक्टरच करतात. पण कोणी विचारले, एवढ्यानेही अनेकींना बोलण्याची वाट मिळते. ‘सगळ्यांनाच होते,’ ‘बाळ झोपले की तूही झोप,’ ‘हेही दिवस जातील,’ ही वाक्ये तीच वाट बंद करतात.

शब्दाऐवजी प्रश्न

मुलांच्या तपासणीची सोय सरकारी पातळीवरही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातील विलंब यांसाठी अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी त्यात केली जाते. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या पालकांनाही लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत विकासाबद्दल विचारता येते. लस टोचून पाच मिनिटांत परतण्याची सवय तेवढी मोडावी लागते.

रूढ शब्द टाळता येणार नाहीत आणि टाळण्याची गरजही नाही. दमलेल्या आईला दोन परिचित शब्दांचा आधार वाटतो, हे खरेच आहे. मात्र तयार वाक्य ऐकवण्यापूर्वी ‘नेमके काय होते आहे?’ आणि ‘कधीपासून?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर काळजी निराधार आहे की रास्त, हे बहुतेक वेळा समोरच्या उत्तरातूनच कळू लागते. काळजी रास्त वाटली, तर पुढचे वाक्य एकच : चल, डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते.