सर्पगंधा ते तिसरी चिठ्ठी

खोताच्या वाडीत आत्याकडे गेलं की चहाबरोबर एक तक्रार ठरलेली. सध्याची आहे आतेभावाच्या डॉक्टरबद्दल. "वर्षात तिसऱ्यांदा गोळ्या बदलल्या रे. प्रयोग चाललेत माझ्या पोरावर!" आता मी पडलो कॉम्प्युटरवाला, औषधातलं मला काय कळणार? पण तो 'प्रयोग' शब्द डोक्यात राहिला आणि अख्खा वीकेंड त्यात गेला.

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक धागा वाडीपासून फार लांब नाही. चर्नी रोडला लोकल पकडा, प्रभादेवीला (2018 पर्यंतचं आपलं एल्फिन्स्टन रोड) उतरा आणि चालत परळच्या केईएमला जा. तिथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाने ब्लड प्रेशर उतरतं हे रुग्णांवर तपासून 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. ही मुळी आपल्याकडे वेडावरही देत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच दोन्ही उपयोग लिहून ठेवले होते, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. 1952 मध्ये सीबा कंपनीने त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड हॉस्पिटलात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. 1957 च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघंही आहेत.

आणि मग रिसर्पिन मागे पडलं! काही रुग्ण त्याने उदास होतात असं डॉक्टर लिहू लागले (त्यावरही पुढे शंका घेतली गेली), आणि तोवर क्लोरप्रोमझिन आलं होतं, जे आधी ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या जोडीला वापरून पाहिलं होतं. इप्रोनियाझिड मूळचं टीबीचं. रुग्ण चक्क खुलले म्हणून याच क्लाइननी ते नैराश्यावर आणलं, पण लिव्हरला त्रास होतो म्हणून 1961 मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. इमिप्रामिन स्किझोफ्रेनियावर फसलं आणि नैराश्यावर चाललं.

म्हणजे बघा, आजाराचं मूळ कळलं आणि मग औषध बनलं असं इथे झालंच नाही. अजूनही नैराश्यात कोणती गोळी कोणाला लागू पडेल हे आधीच खात्रीने सांगणारी ब्लड टेस्ट नाही. 2006 साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने नैराश्य पूर्ण उतरलेले लोक साधारण एक तृतीयांश होते. तेव्हा आत्याचा शब्द तसा बरोबर आहे, फक्त रोख चुकीचा.

अर्थात ज्याच्यावर हे चालतं त्याचे हाल होतातच. तोंड कोरडं पडणं, झोप, मळमळ हे पहिल्या आठवड्यातच सुरू होतं आणि गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. याच मधल्या काळात लोक आपल्या मनाने गोळ्या सोडतात, आणि एकदम सोडल्या की वेगळाच त्रास.

आपल्या धंद्यातला एक उपाय मात्र इथेही चालतो : लॉग ठेवा. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बदलली, झोप कशी. साधी दोनशे पानी वही पुरते. पुढच्या भेटीत (किंवा डॉक्टरच बदलला तर) "ती पांढरी गोळी" म्हणण्यापेक्षा हे बरं. आणि हो, स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेलं एक नाव असतं आणि औषधाचं नाव वेगळं छापलेलं असतं. केमिस्टने दुसरी कंपनी दिली तर औषध बदललंय असं नाही, ते नाव तेवढं जुळवून घ्या.