पटकीचे विष

पटकी हा शब्द आता आमच्या चौसाळ्यात शिवीपुरताच उरला आहे. भांडणात एखादी म्हातारी 'तुला पटकी येवो' म्हणते आणि ऐकणारी पोरे हसतात. आमच्या घरात दखनीत याच रोगाला 'हैजा' म्हणत. तो शब्द निघाला की माझी नानी गप्प होई. निजामाच्या राजवटीत तिचा धाकटा भाऊ हैजाने गेला. सकाळी जुलाब सुरू झाले, दिवस मावळायच्या आत सारे आटोपले. पोर पाणी मागत होते आणि वडीलधाऱ्यांनी ते दिले नाही. पाण्याने जुलाब वाढतात, अशी तेव्हा समजूत होती.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1884 मध्ये कलकत्त्यात या रोगाचा जंतू दाखवून दिला. स्वल्पविरामासारखा वाकडा. पण हा जंतू आतड्यातच राहतो, रक्तात शिरत नाही. मग धडधाकट माणूस काही तासांत सुकतो कसा? जंतू विष सोडत असावा, असा कॉखचा तर्क होता. पुढे सत्तरच्या वर वर्षे ते विष कुणाच्या हाती लागले नाही.

ते दाखवून दिले शंभुनाथ दे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या खेड्यात 1915 साली जन्मलेला हा माणूस कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असे. साधने बेताचीच. त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि आत पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. मग त्यांनी जंतू वाढवलेले पाणी असे गाळले, की त्यात एकही जंतू उरला नाही. ते नुसते पाणी आत सोडले, तरी आतडे फुगलेच! म्हणजे करामत विषाची होती. हा निबंध 1959 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

या विषाची चाल पुढे उलगडली. घटसर्पाचे विष पेशीतले प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडते आणि पेशी मरते. पटकीचे विष पेशीला मारत नाही. त्याचे पाच भाग पेशीला बाहेरून चिकटतात, सहावा आत शिरतो आणि तिथला एक खटका कायमचा चालू करून ठेवतो. बोअरच्या मोटारीचे बटण अडकून बसावे, तसे. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, क्षारामागे पाणी जाते. जोराची पटकी असली तर तासाला लिटरभरसुद्धा.

पण त्याच पेशीचा दुसरा एक दरवाजा विषाला बंद करता येत नाही. मीठ आणि साखर जोडीने आली की पेशी त्यांना आत घेते आणि पाणीही आत येते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपे भरून नातेवाइकांच्या हाती दिले. शंभरातले तीसएक दगावत होते, ते चाराच्या आत आले.

नानीच्या भावाला तेच तर हवे होते. त्या पोराची तहान खरी होती आणि मोठ्यांची समजूत खोटी.

शंभुनाथ दे 1973 मध्ये निवृत्त झाले आणि 1985 मध्ये वारले. नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, ते काही मिळाले नाही. देशानेही हयातीत त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही. आमच्या दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मात्र रोज कुणीतरी मागून नेते.