हलक्या बंदुकीचा पूर्वेतिहास

स्कॉटलंडांतील ग्राउस पक्ष्याच्या शिकारीस हलकी बंदूक कां लागते, हें त्या शिकारीची रीत पाहिली म्हणजे कळतें. (इंग्रज शिकारी आमच्या पखुर्डीसही एक प्रकारचा ग्राउसच म्हणत, परंतु तिचें कूळ निराळें. जुन्या रोजनिशा वाचतांना हें ध्यानांत असावें.) कुत्र्यांमागें दिवसभर हेदर झुडपांचें माळरान तुडवावयाचें, बार थोडे, ओझें सारा वेळ. पक्षी हांकून अंगावर आणविण्याची चाल मागाहूनची. तींत वजन फारसें बाधत नाहीं.

हलकी दुनळी घडविणें मात्र पूर्वीं सोपें नव्हतें. दारू सावकाश जळे, म्हणून नळी लांब ठेवावी लागे; अशा दोन नळ्यांचा भार पेलणें कठीण. १७८७ सालीं लंडनच्या हेन्री नॉक यानें नळीच्या बुडाशीं लहानशी पोकळी ठेवून विस्तव दारूच्या मध्यभागीं पोंचविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. दारू त्वरित जळूं लागली, नळी आखूड झाली. आमच्या मतें हलक्या दुनळीचा खरा आरंभ येथून धरावा. कीर्ति अधिक लाभली ती जोसेफ मँटन यास. तोही १८२६ त दिवाळखोर झाला.

हलकेपणास मर्यादा आहेच. बंदूक छऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावी, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे १ औंस छऱ्यांस ६ पौंडांची बंदूक. याहून हलकी घेतल्यास धक्का खांद्यास जाणवतो. संग्राहकांनीं जुनी दुनळी घेतांना ती अवश्य तोलावी. वजन फारच कमी भरलें, तर नळ्या आंतून घांसून पातळ झाल्या आहेत काय, हें जाणत्या कारागिराकडून मोजवून घ्यावें, आणि तोंवर बार काढूं नये.