पंतोजीच्या नावाची शिवी झाली तेव्हा

साल १५३३. तुम्ही व्हेनिसमध्ये आहात, हातात नुकतं छापून आलेलं एक नाटक: पिएत्रो आरेतीनोचं 'इल मारेस्काल्को'. मांतुआच्या दरबारातल्या पागेच्या अधिकाऱ्याला लग्न करायचं नाही. त्याला लग्नाची महती सांगायला येतो 'पेदांते'. साधं बोलणं त्याला जमत नाही, वाक्यावाक्याला लॅटिनचा मारा.

दुकानात विचाराल तर कळेल, पेदांते म्हणजे मुलांना शिकवणारा पंतोजी. हे धंद्याचं नाव. त्याचं मूळ काही जण ग्रीक 'पैदागोगोस'मध्ये शोधतात, म्हणजे मुलाला शाळेत पोचवणारा गुलाम. काही जण पायी चालणाऱ्यात. कुठलंही धरा, माणूस गरिबाघरचाच. दरबाराने त्याच्याकडून आपली मुलं शिकवून घेतली आणि रंगमंचावर त्यालाच हसला, याचा मला आजही राग येतो.

आता १५८० मध्ये या, बोर्दोजवळच्या मोंतेन्यच्या मनोऱ्यात. त्याच्या निबंधसंग्रहातलं 'पेदांतिस्म'वरचं प्रकरण वाचा. इटालियन प्रहसनांत गुरुजीचीच टर उडवलेली पाहून लहानपणी आपल्याला वाईट वाटायचं, असं तो लिहितो. पण पुढे दोष नेमका दाखवतोही: पिलांसाठी पक्षी चोचीत दाणा धरतो, चव घेत नाही, तशी ही मंडळी पुस्तकांतली विद्या ओठांवर वागवतात. शब्दाचा अर्थ इथे पक्का होतो. विद्या कमी असण्याचा हा दोष नाही. ती अंगी न मुरता नुसती मिरवण्याचा आहे.

शेवटचा मुक्काम लंडन. १५९८ साली छापलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकाच्या मुखपृष्ठावर गेल्या नाताळात राणीपुढे खेळ झाल्याची नोंद आहे. त्या गर्दीत बसा. होलोफर्निस नावाचा शाळामास्तर चिडलाय, कारण लोक 'डेट' आणि 'डाउट' म्हणताना मधला 'बी' गिळतात. ते शब्द इंग्रजीत आले फ्रेंचमधून, तेव्हा त्यांत 'बी' नव्हताच. लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो मागाहून लिहिण्यात आला. आणि मास्तर म्हणतो, लिहिलंय तर उच्चारा!

उच्चारात तो 'बी' कधीच आला नाही. स्पेलिंगमध्ये मात्र तो अजून आहे, आणि आपल्याकडच्या मुलांनी तो गाळला की इंग्रजीच्या पेपरात चूक धरली जाते.