नापसंतीचा आकडा

२०२१ च्या पावसाळ्यात बोरी नदीला चांगलं पाणी आलं आणि नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले. माझा आतेभाऊ तेव्हा अकरावीत होता. त्याने मोबाईलवर आठ मिनिटांचा व्हिडिओ केला. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं ते बांधकाम, डोक्यावरून पाणी जात असताना आत कोरडं कसं राहतं, असं सगळं त्याने स्वतःच्या आवाजात सांगितलं होतं. आवाज वाऱ्यात थोडा उडत होता, पण पोराने मेहनत घेतली होती.

तीन दिवसांत व्हिडिओवर २६ लाईक आणि ४१ डिसलाईक. गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचवरून भांडण झालं होतं. समोरच्या टीमच्या पोरांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि सगळ्यांनी एकेक उलटा अंगठा दाबला. त्यातल्या किती जणांनी पाणीमहालापर्यंत व्हिडिओ पाहिला असेल, देव जाणे. चौथ्या दिवशी भावाने व्हिडिओ काढून टाकला.

१० नोव्हेंबर २०२१ ला यूट्यूबने जाहीर केलं की यापुढे डिसलाईकचा आकडा प्रेक्षकांना दिसणार नाही. बटण राहील, आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसेल. भावाचा फोन आला, "दादा, बरं झालं बघ. आता कुणाला कळणारच नाही किती पडले ते."

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. बटणं, आकडे, कुणाला काय दिसावं आणि काय नाही, हेच माझं रोजचं काम. मलाही तेव्हा निर्णय बरोबर वाटला.

पुढच्या वर्षी आमच्या अण्णांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघून द्राक्षाच्या एक एकरावर दोन औषधं एकत्र करून फवारली. चौथ्या दिवशी पानं करपली. व्हिडिओला चार हजारांवर लाईक होते, कमेंट बंद होत्या. अण्णांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "आरं, चार हजार लोकांना पटलं म्हणून दिसतंय. किती जणांना पटलं नाही, त्ये का दिसंना?"

आकडा दिसला असता तर बाग वाचली असती, असं मी म्हणणार नाही. अण्णांनी तरीही फवारलं असतं कदाचित. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी आधी यूट्यूबच्या इतिहासात शिरलो आणि मग आपल्या मतपेटीच्या.

यूट्यूब २००५ साली सुरू झालं तेव्हा अंगठे नव्हते, पाच तारे होते. २००९ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की बहुतेक लोक एक तर पाच तारे देतात किंवा काहीच देत नाहीत. मधले तारे शोभेचे झाले होते. म्हणून २०१० मध्ये तारे गेले आणि दोन अंगठे आले, एक सुलटा, एक उलटा. आता उलट्या अंगठ्यांची बेरीज होऊ लागली आणि ती सगळ्यांना दिसू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये यूट्यूबने वर्षाचा आढावा म्हणून 'रिवाइंड' नावाचा व्हिडिओ काढला. आठवडाभरात तो यूट्यूबवरचा सर्वांत नापसंत व्हिडिओ ठरला. त्याने मागे टाकलं ते जस्टिन बीबरच्या 'बेबी' या गाण्याला.

आपल्याकडचं मोठं उदाहरण २०२० चं. जूनमध्ये मुंबईत सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला आणि सिनेमातल्या घराणेशाहीवरून लोक चिडले. ऑगस्टमध्ये महेश भट्ट यांच्या 'सडक २' चा ट्रेलर आला. बघता बघता त्यावर १ कोटीच्या वर डिसलाईक पडले. ते ट्रेलरबद्दल नव्हते, हे दाबणाऱ्यांनाही माहीत होतं. त्याच महिन्याच्या शेवटी जेईई आणि नीट पुढे ढकला म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांच्या 'मन की बात' च्या व्हिडिओवर लाईकच्या कितीतरी पट डिसलाईक टाकले. घरात अडकलेल्या त्या पोरांना मोर्चा काढता येत नव्हता, तेव्हा त्यांनी अंगठ्यांचा मोर्चा काढला.

ही तीन उदाहरणं शेजारी ठेवली की गुंता दिसतो. आकडा तोच. 'रिवाइंड' च्या वेळी तो व्हिडिओवरचं मत होता, 'सडक २' च्या वेळी राग आणि परीक्षेच्या वेळी मागणी. शिवाय आमच्या गावात क्रिकेटच्या भांडणाचा सूड. यूट्यूबने कारण दिलं ते शेवटच्या प्रकाराचं: ठरवून डिसलाईकचे हल्ले होतात आणि लहान चॅनेलवाल्यांना त्याचा जास्त त्रास होतो. माझ्या भावाची गोष्ट बघता हे खोटं म्हणता येत नाही. पण यूट्यूबचे सहसंस्थापक जावेद करीम यांनीच याला उघड विरोध केला. २००५ मध्ये साइटवर पहिला व्हिडिओ टाकणारे तेच. त्याच व्हिडिओच्या वर्णनात त्यांनी निषेध लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की लोक टाकतील ते सगळंच चांगलं नसतं, आणि वाईट काय ते पटकन कळणं ही वापरणाऱ्यांची गरज आहे.

ठरवून केलेली नापसंती इंटरनेटने आणली असं वाटत असेल तर अथेन्सकडे बघा. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात तिथले नागरिक खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव कोरून मत देत. अशी किमान ६,००० मतं जमली तर एकाला १० वर्षांसाठी शहर सोडावं लागे. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली. अक्षरं तपासली तर ती फक्त १४ हातांनी लिहिलेली निघाली. म्हणजे कुणीतरी तयार माल आणून ठेवला होता, लोकांनी फक्त टाकायचा. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काम याहून वेगळं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं तेव्हा पहिली लढाई इथेच झाली. साडेतीन वर्षांच्या आत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, इथली माणसं मतदानाला उभी राहिली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. निरक्षर माणसालाही जमावं म्हणून ही सोय होती. सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर त्या पडद्यावर फक्त लाईकची बटणं होती. नको म्हणायला पेटीच नव्हती.

नंतर सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आली आणि शिक्का आला. त्याबरोबर न ठरवता एक जागा तयार झाली. दोन ठिकाणी शिक्का मारा, कोरी टाका, काहीबाही लिहा, मत बाद. बाद मतं मोजली जात, पण कोण चुकलं आणि कोण चिडलं हे त्या आकड्यातून कळत नसे. मग ईव्हीएम आलं, २००४ पासून लोकसभेला सगळीकडे. यंत्रात मत बाद करता येत नाही. चूक बंद झाली, त्याबरोबर चिडायची जागाही गेली.

उरला नियम ४९-ओ. मला मत द्यायचं नाही, असं मतदान केंद्राध्यक्षाला सांगायचं, त्याने नोंदवहीत शेरा मारायचा, त्यापुढे आपण सही किंवा अंगठा करायचा. खोलीत सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले. लहान गावात असं करणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचणार. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००४ मध्ये याविरुद्ध याचिका केली आणि २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नाकारणाऱ्याचं मतही गुप्त राहिलं पाहिजे, यंत्रावर तसं बटण द्या. तोच नोटा. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकांत तो पहिल्यांदा आला. २०१४ च्या लोकसभेला देशभर सुमारे ६० लाख लोकांनी तो दाबला.

नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी विधानसभेला किंवा लोकसभेला काही होत नाही, त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. मग आकडा जाहीर करून उपयोग काय? २०१९ च्या विधानसभेत आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, लातूर ग्रामीणला, धीरज देशमुख निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २७ हजारांहून जास्त मतांचा. सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावलाही तेच झालं, विश्वजीत कदमांनंतर नोटा. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून जिंकल्या आणि नोटाला १२,८०६ मतं पडली. त्यामागे पैसे वाटल्याचे आरोपही झाले. म्हणजे इथेही ठरवून दाबणारे असू शकतात. तरी आकडा दाबून ठेवावा असं कुणी म्हणालं नाही. उलट आकडा उघड होता म्हणूनच लोकांनी विचारलं, हे कसं झालं?

महाराष्ट्र एक पाऊल पुढेही गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं आणि तो पहिला आला तर निवडणूक पुन्हा घ्यायची. आमच्या नगरपरिषदेलाही हे लागू आहे.

या सगळ्यात मला अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. प्रश्न खरं तर दोन आहेत: नको कोण म्हणालं, आणि नको किती जण म्हणाले. ४९-ओमध्ये पहिल्याचं उत्तर उघड होतं, म्हणून माणसं घाबरत. नोटाने नाव झाकलं आणि आकडा उघडा ठेवला. यूट्यूबवर नाव पहिल्यापासून झाकलेलंच होतं. २०२१ मध्ये आकडाही झाकला, आणि तो उरला फक्त ज्याला नाकारलं त्याच्याकडे. उमेदवाराला एकट्यालाच नोटाची मतं कळवली आणि गावाला फक्त विजयी मतं सांगितली, तर आपण त्याला निकाल म्हणू का?

भावाचं दुःखही खरं आहे. ४१ जणांच्या टोळीने सतरा वर्षांच्या पोराला गप्प करावं, हे चालणार नाही. पण इलाज सगळ्यांचा आकडा झाकणं नव्हता. माझ्या हातात असतं तर मी आकडा काही हजार लोकांनी व्हिडिओ पाहिल्यावरच दाखवला असता. थोडा वेळ तरी पाहिल्याशिवाय उलटा अंगठा धरला नसता. एका लिंकवरून एकदम आलेली लाट वेगळी मोजली असती. यातलं काहीच अवघड नाही, असले नियम आम्ही रोज लिहितो. लहानाला आडोसा मिळाला असता, आणि औषधं, पैसे, परीक्षा यांबद्दल लाखोंना सांगणाऱ्याला मिळाला नसता.

गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो. भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, त्या ४१ मध्ये एक जण खरा होता. त्यानं लिहिलं होतं, आवाज नीट येत नाही." मग माझा माईक घेऊन तो पुन्हा किल्ल्यावर गेला. अण्णा सोबत होते. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं आणि आम्ही तिघं आत पाणीमहालात कोरडे उभे होतो. त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा अण्णा मध्येच बोलले, "चुकलं तर सांगा म्हणावं लोकांना." भावाने ते वाक्य व्हिडिओत तसंच ठेवलं.